पायाला खोट असलेला घोडा घ्यावा का? पहिला घोडा घेणाऱ्यांसाठी

काही वर्षं राबलेला आणि तरीही पायांवर एकही खूण नसलेला घोडा क्वचितच बघायला मिळतो. गुडघ्याखालच्या नळीवर हाडाची गाठ, घोट्याजवळ मऊ फुगवटा, मागचे पाय बांधायच्या दोरीचा वण, कुंपणाच्या तारेने कापल्याची पांढरी रेघ, असं काही ना काही प्रत्येकाच्या पायावर असतं. बाजार या सगळ्याला सरसकट खोट म्हणतो आणि भाव पाडतो. नवखा माणूस एक तर घाबरून चांगला घोडा सोडून देतो, नाहीतर “काही नाही हो, लहानपणी लागलं होतं,” एवढ्या शब्दावर पैसे मोजतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रपेटीसाठी पहिला घोडा घेणाऱ्याने पायाला जुनी खोट असलेला घोडा आवर्जून बघावा. आठ-बारा वर्षांचा, शांत, लगामाला हलका आणि नळीवर जुनी थंड गाठ असलेला घोडा हा आरशासारख्या पायांच्या तीन वर्षांच्या अवखळ शिंगरापेक्षा नवख्याला कितीतरी उपयोगाचा. मात्र ती खोट नेमकी कुठे आहे, किती जुनी आहे आणि चालीत उतरते का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे. गाठीच्या आकाराचा प्रश्न शेवटी. गुडघ्याच्या सांध्याला लागून असलेली हरभऱ्याएवढी गाठ घोडा कायमचा घरी बसवू शकते, आणि नळीच्या मधोमध असलेली सुपारीएवढी गाठ जन्मभर काहीच करत नाही.

पायरी पहिली: घोडा कशासाठी हवा, ते कागदावर लिहा

रविवारची रपेट, मुलांना शिकवणं, लांब पल्ल्याच्या शर्यती, उड्या, वरातीत नाचवणं, पैदास. यातलं तुमचं काम कोणतं, ते आधी ठरू द्या, कारण तीच खोट एका कामाला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही. सपाट मातीच्या वाटेवर अर्धा तास चालायचं असेल, तर बऱ्याच जुन्या खोटी परवडतात. उड्या मारायच्या असतील तर पुढच्या पायाच्या टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याची, जुनी दुखापत अजिबात परवडत नाही. नाचकामात घोडा मागच्या पायांवर बसतो, तिथे हॉकची, म्हणजे मागच्या पायाच्या वरच्या मोठ्या सांध्याची, खोट जड जाते.

पैदाशीचा हिशेब आणखी वेगळा. तारेने कापलेल्या घोडीचा वण शिंगरात उतरत नाही. पण पाय मुळातच वाकडा असल्याने त्यावर ताण येऊन गाठ झाली असेल, तर ती वाकडी ठेवण शिंगरात उतरू शकते. म्हणून पैदाशीसाठी घेताना गाठीपेक्षा पायाची ठेवण जास्त वेळ बघा.

पायरी दुसरी: चांगला पाय हाताला ओळखीचा करून घ्या

बाजारात जाण्याआधी ओळखीच्या तबेल्यात जा आणि घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या परवानगीने निरोगी घोड्याचे पाय चाचपा. हे काम वाचून येत नाही, हातालाच यावं लागतं.

पुढच्या पायाला गुडघा, त्याखाली सरळ नळी, नळीच्या खाली गोल सांधा. त्या गोल सांध्याला मी इथे घोटा म्हणतो आहे. घोट्यापासून खुरापर्यंतचा तिरपा भाग म्हणजे पेस्टर्न. मागच्या पायाचा वर कोनासारखा वळलेला मोठा सांधा म्हणजे हॉक. गुडघ्याच्या आणि हॉकच्या खाली मांस जवळजवळ नसतंच, तिथे असतं ते हाड, दोरखंडासारखी टेंडनं आणि वर कातडी. त्यामुळे तिथली बारीकशी गाठही बोटांना लागते. शरीराचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर येतं, म्हणून पुढच्या पायाची खोट बघताना जास्त कडक राहायचं.

नळीच्या मागे बोट फिरवलं की टेंडनं लागतात. निरोगी पायात ती ताठ, सरळ आणि कडेने स्पष्ट लागतात. एकदा हे हाताला कळलं की सुजलेलं टेंडन डोळे मिटूनही ओळखता येतं.

पायरी तिसरी: कोणती खोट चालते, कोणती नाही

या पायरीला घाई करू नका.

नळीवरची हाडाची गाठ सर्वांत जास्त दिसते. इंग्रजीत स्प्लिंट, उत्तरेकडचे व्यापारी तिला बेरहड्डी म्हणतात. घोड्याच्या नळीला मुख्य हाडाच्या दोन्ही बाजूंना मागे एकेक बारीक हाड चिकटलेलं असतं. कोवळ्या वयात कठीण जमिनीवर जास्त पळवलं, लाथ बसली किंवा दुसऱ्या पायाचं खूर आपटलं, की तिथली पकड दुखावते आणि शरीर त्या जागी नवं हाड घालतं. बहुतेकदा ही गाठ पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला असते. पहिले काही आठवडे ती गरम आणि दुखरी, घोडा दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, लंगडतो. मग ती थंड होते, टणक होते आणि तशीच राहते. पाच वर्षांपुढच्या घोड्याची थंड, टणक, दाबल्यावर न दुखणारी, नळीच्या मधल्या भागातली गाठ मी तरी खोट म्हणून मोजत नाही. दोन ठिकाणी मात्र सावध राहा. गाठ वर सरकून गुडघ्याच्या सांध्याला लागलेली असेल, किंवा मागे झुकून आतल्या अस्थिबंधाला घासत असेल, तर नको. मागे झुकली आहे का ते असं बघा: पाय उचलून गुडघ्यात दुमडा, टेंडनं सैल पडतील, मग बोट गाठीच्या मागच्या कडेने आत सरकवा. बोट सहज गेलं आणि घोड्याने पाय ओढला नाही, तर ठीक.

घोट्याच्या वर मागच्या बाजूला मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा असतो, त्याला विंडगॉल म्हणतात. दोन्ही पायांना सारखा, थंड, दाबला की हलणारा आणि थोडं चालवल्यावर कमी होणारा असेल, तर तो राबलेल्या घोड्याची खूण समजा. एकाच पायाला असेल, ताठ असेल किंवा नुकताच आलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हॉकच्या टोकावर मऊ टोपीसारखी सूज दिसते. घोडा भिंतीला लाथा मारतो किंवा फरशीवर गवताविना झोपतो, त्यातून ती येते. दिसायला वाईट, पण चालीला सहसा काही करत नाही. पुढच्या पायाच्या कोपराची गाठही तशीच, बसताना नालेची टाच कोपराला टोचते म्हणून आलेली. या दोन्ही खोटींतून घोड्याच्या पायापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाच्या तबेल्याबद्दल जास्त कळतं.

हॉकच्या मागच्या कडेला, टोकाच्या खाली, लांबट सूज असेल तर तिला कर्ब म्हणतात. हॉक नीट सरळ असलेल्या, मोठ्या वयाच्या घोड्याची जुनी थंड कर्ब चालते. कोयत्यासारख्या वाकलेल्या हॉकची कर्ब पुन्हा दुखावण्याचा धोका जास्त.

आता नको म्हणायच्या खोटी. हॉकच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात हाड वाढलं असेल तर तो हड्डा. हा सांध्याचा आजार आहे. कधीकधी तिथले कमी हालचाल असलेले छोटे सांधे आपोआप जुळून जातात आणि घोडा पुन्हा सरळ चालू लागतो, पण हे एक्स-रेशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, विक्रेत्याला तर नाहीच. पेस्टर्नभोवती कड्यासारखं हाड वाढलं असेल तर तो रिंगबोन, उत्तरेकडे चकावल. नवख्याने हा घोडा सोडून द्यावा. हॉकच्या पुढच्या बाजूला आतून मोठा मऊ फुगवटा असेल, तर तो सांध्यातल्या पाण्याचा असतो. तरुण घोड्यात त्यामागे सांध्यातला हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटलेला असू शकतो. एक्स-रे काढूनच निर्णय घ्या.

टेंडनची जुनी दुखापत हा वेगळा विषय आहे, आणि पुण्या-मुंबईकडच्या माणसाला तो नक्की भेटतो. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून बाहेर पडलेले थरोब्रेड घोडे रायडिंग स्कूलमध्ये किंवा खासगी मालकांकडे येतात. त्यांतल्या काहींच्या पुढच्या पायाची नळी बाजूने पाहिली की मागची रेघ सरळ न दिसता धनुष्यासारखी बाहेर आलेली दिसते. म्हणजे टेंडन कधीतरी फाटलं आणि जुळलं. जुळायला नऊ महिने ते वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, आणि जुळलेला भाग मूळच्याइतका लवचीक कधीच होत नाही. असा घोडा पुन्हा वेगात पळवण्यासाठी किंवा उड्यांसाठी घेऊ नका. पण दुखापतीला दोन-तीन वर्षं झाली असतील, पाय थंड असेल, घोडा त्यानंतर नियमित चालवला गेला असेल आणि तुम्हाला फक्त शांत रपेट करायची असेल, तर डॉक्टरांकडून अल्ट्रासाऊंड करून घ्या आणि विचार करा. असे घोडे मोठ्या मनाने सांभाळले तर फार सुंदर साथ देतात, हे मी पाहिलेलं आहे.

दोरीचे आणि तारेचे वण आपल्याकडे खूप. घोडा पुढून-मागून दोऱ्यांनी बांधायच्या, म्हणजे आगाडी-पिछाडीच्या, पद्धतीमुळे पेस्टर्नवर केस पांढरे झालेले किंवा कातडी जाड झालेली दिसते. वण कोरडा, सपाट आणि कातडीपुरता असेल तर दुर्लक्ष करा. गुडघ्याखालच्या जखमा भरताना कधीकधी मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि लालसर, ओलं, फुलकोबीसारखं दिसतं. ते अजून ओलं असेल तर जखम चालू आहे, असा घोडा घेऊ नका. वण खुराच्या वरच्या कडेपर्यंत उतरला आहे का, तेही बघा. खूर त्या कडेतूनच उगवतं. कडच कापली गेली असेल, तर त्या रेषेत खुराला कायमची चीर किंवा उंचवटा राहतो, आणि नालबंदाला दर वेळी तिथे कसरत करावी लागते. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या आतच वाढतं, त्यामुळे तिथली कोणतीही दुरुस्ती महिन्यांच्या हिशेबाने चालते.

पायावर रेघांचे किंवा ठिपक्यांचे नेमके, ओळीत आलेले चटके दिसले तर तो डाग दिलेला पाय. जुन्या पद्धतीत लंगडणाऱ्या पायाला तापल्या लोखंडाने डागत. मला त्या खुणा बघून फार वाईट वाटतं. खरेदीदाराने त्यांचा अर्थ एवढाच घ्यायचा, की या जागी कधीतरी मोठा त्रास होता. डाग ज्या भागावर आहे तिथला एक्स-रे किंवा अल्ट्रासाऊंड काढल्याशिवाय सौदा करू नका.

आणि बाजारातल्या एका सवयीचा फायदा नवख्याने जरूर घ्यावा. घोड्यांचा बाजार सारंगखेड्याचा असो की माळेगावचा, भाव पुष्कळदा रंगावर आणि भोवऱ्यांवर ठरतो. नुकरा (पांढरा), अबलख (दोन रंगांचा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), गळ्यावर देवमण (शुभ मानलेला भोवरा) असलेला घोडा महाग, आणि ‘वाईट’ जागी भोवरा असलेला स्वस्त. भोवरा म्हणजे केसांची फिरकी, तिचा पायांशी काहीही संबंध नाही. साध्या कुमैत (तांबूस तपकिरी) रंगाचा, भोवऱ्यामुळे मागे पडलेला आणि पाय स्वच्छ असलेला घोडा तिथे उभा असेल, तर आधी तिकडे वळा.

पायरी चौथी: बघण्याचा क्रम

सारंगखेड्याचा बाजार नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात, मार्गशीर्षातच. दोन्हीकडे गर्दी, ढोल आणि धूळ. अशा ठिकाणी घोडा उभ्याउभ्या पसंत करू नका, बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायला सांगा. कुणी नाही म्हणालं, तर पुढच्या दावणीकडे जा.

सकाळी लवकर जा आणि घोडा बांधलेला असतानाच बघा. रात्रभर उभा राहिलेला घोडा पहिल्या वीस पावलांत जे सांगतो, ते फिरवून मोकळा केल्यावर लपतं. पायाला पट्ट्या असतील तर सोडायला सांगा, माती किंवा तेल चोपडलं असेल तर धुवायला सांगा. मग समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बघा. उभ्या जागी घोडा पुढचा एकच पाय वारंवार पुढे टाकून हलका ठेवत असेल, तर तो दुखतो आहे. मागचा पाय आळीपाळीने सैल सोडणं मात्र नेहमीचंच.

मग हात. तळहातापेक्षा हाताच्या पाठीला उष्णता लवकर कळते. दोन्ही पायांची तीच जागा एकामागोमाग चाचपा, कारण उन्हात उभ्या घोड्याचे दोन्ही पाय गरम असतात. तुम्हाला फरक शोधायचा आहे. गाठ अंगठ्याने हळूहळू दाबत जा आणि नजर घोड्याच्या कानांवर आणि डोळ्यांवर ठेवा. दुखलं की पाय उचलण्याआधी तोंडावर कळतं. घोट्याच्या मागे दोन्ही कडांना बोटं ठेवून नाडी बघा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. ठाण-ठाण उडत असेल तर खुरात काहीतरी चालू आहे.

चारही खुरं उचलून तळ बघा. एक खूर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लहान आणि उभं असेल, तर त्या पायावर घोडा बराच काळ वजन टाकत नव्हता असं समजा. नालेची एक बाजूच जास्त झिजली आहे का, तेही बघा. नाल सांगते ते विक्रेत्याला बदलता येत नाही, फक्त बाजाराच्या आदल्या दिवशी नवी नाल ठोकलेली नसली पाहिजे.

आता चाल. आधी सरळ रेषेत चालत, मग दुडकीत. दोरी ढिली हवी. बाजारात घोडे आखूड लगामाने, मान वर खेचून फिरवतात. त्यात रुबाब दिसतो आणि लंगडणं झाकलं जातं. ढिल्या दोरीवर घोडा पुढच्या पायाने लंगडत असेल तर डोकं बोलतं: दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली. मागच्या पायाची लंगड मागून बघायची, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. रवाल या जलद, न हिंदकळणाऱ्या चालीत हे ओळखणं नवख्याला जमत नाही, म्हणून साधी दुडकीच मागा.

मग लहान वर्तुळात, दोन्ही बाजूंना. हाडाचा आणि खुराचा त्रास कठीण जमिनीवर आणि वळताना जास्त दिसतो, टेंडनचा आणि मऊ भागांचा त्रास भुसभुशीत वाळूत. तापीकाठी दोन्ही जमिनी हाताशी आहेत, दोन्हीकडे चालवून बघा. शेवटी घोड्यावर स्वतः बसा, किंवा ओळखीच्या स्वाराला बसवा, आणि नंतर तासभर उभा करून पुन्हा दहा पावलं चालवा. या शेवटच्या दहा पावलांसाठी बहुतेक जण थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

पायरी पाचवी: औषधाने झाकलेली लंगड

फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं दिली की लंगडणारा घोडा एक-दोन दिवस सरळ चालू शकतो. हे ओळखण्याचा बाजारातला सोपा उपाय एकच, घोडा दोनदा बघणं. पहिल्यांदा बघून या, तीन-चार दिवसांनी न सांगता पुन्हा जा. जवळच्या गावचा विक्रेता असेल तर त्याच्या तबेल्यात जा. “इसार आत्ताच द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय,” असं कुणी घाई करत असेल, तर ते गिऱ्हाईक त्याला लखलाभ.

खुराला तात्पुरतं बधीर करण्याचे प्रकार क्वचित होतात. टाचेच्या मऊ उंचवट्यांवर दोन्ही पायांना पेनाच्या बोथट टोकाने टोचून बघा. एका पायाने ओढलं आणि दुसऱ्याने काहीच केलं नाही, तर तिथून निघा.

पायरी सहावी: जी खोट नाही, आजार आहे

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या, त्यांतल्या काही फुटून चिकट पू येत असेल, नाकातून घट्ट स्राव असेल, तर त्या घोड्याला हात लावू नका. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवावा लागणारा आजार आहे, आणि बाधित घोडा ठेवता येत नाही. रक्तचाचणी होते, हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामातली प्रमुख संस्था आहे. पाय कितीही चांगले असोत, ग्लँडर्सच्या चाचणीचा अलीकडचा निगेटिव्ह अहवाल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

चारही पाय किंवा दोन्ही मागचे पाय आणि पोटाखालचा भाग सुजलेला, बोट दाबलं की खळगा राहतो, घोडा रोडावलेला आणि अधूनमधून ताप, असं असेल तर सर्रा असू शकतो. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो, रक्त तपासून कळतो. विक्रेता याला “प्रवासाची सूज” म्हणेल. गाडीत उभं राहून आलेली सूज थोडं फिरवलं की उतरू लागते, ही उतरत नाही.

पायरी सातवी: तुमचा डॉक्टर, त्याचा नव्हे

पशुवैद्य तुमच्या बाजूचा हवा, आणि शक्यतो घोड्यांचं काम रोज करणारा. गाईगुरांचा उत्तम डॉक्टरही घोड्याची लंगड ओळखण्यात कमी पडू शकतो, हा त्याचा दोष नाही. रेसकोर्स आणि मोठ्या रायडिंग क्लबशी संबंधित डॉक्टर मुंबई-पुण्यात भेटतात. इतरत्र शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परळचं १८८६ सालचं महाविद्यालय तर आहेच. आधी फोन करून एक्स-रेची सोय विचारा.

डॉक्टरांना “घोडा चांगला आहे का?” असं विचारू नका. “मला आठवड्यातून चार दिवस तासभर मातीच्या वाटेवर चालवायचा आहे, वजन ऐंशी किलो, ही गाठ त्या कामाला आड येईल का?” असं विचारा. ते सांधा अर्धा-एक मिनिट दुमडून धरतील आणि लगेच दुडकीत पळवायला सांगतील. पहिल्या दोन-चार पावलांनंतरही लंगड टिकली तर त्या सांध्याचा एक्स-रे. खर्च वाढला तरी करा. एक्स-रेचा खर्च एकदाच होतो, लंगड्या घोड्याला चारा, चणे, मोतद्दार आणि औषध रोज लागतं.

पायरी आठवी: भाव आणि लिखापढी

खोट दाखवून भाव पाडताना घोड्याचा अपमान करू नका. बाजारातला जाणता माणूस हिणवणाऱ्याला भाव देत नाही. “मालक, गाठ जुनी आहे, मला चालते, पण पुढे विकताना मला हाच त्रास होणार,” एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. तुम्ही आज जेवढी सूट घ्याल, तेवढी उद्या तुम्हालाही द्यावी लागेल. लग्नाच्या किंवा प्रदर्शनाच्या घोड्याला दिसण्याचा भाव असतो, तिथे खोटीमुळे जास्त उतरतो. रपेटीच्या घोड्याला कामाचा भाव, तिथे कमी उतरतो.

इसार देण्याआधी दोन अटी बोलून घ्या: डॉक्टरांनी नाही म्हटलं तर इसार परत, आणि ग्लँडर्सचा अहवाल विक्रेत्याने द्यायचा. बाजार समितीची किंवा यात्रेची पावती घ्याच. त्यासोबत साध्या कागदावर घोड्याचं वर्णन लिहा: रंग, नर-मादी, दातांवरून वय, पांढऱ्या खुणा, भोवरे. खोटही लिहा, “पुढच्या डाव्या पायाच्या नळीवर आतून जुनी गाठ, विक्रीच्या दिवशी घोडा लंगडत नाही.” दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. थरोब्रेड असेल तर त्याचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळवून बघा. विमा काढणार असाल तर आधीची खोट कंपनीला लेखी कळवा. त्या पायाचा दावा बहुधा मिळत नाही, पण लपवली तर बाकीचाही अडू शकतो.

वाहतुकीसाठी पशुवैद्याचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. गाडीत खाली वाळू किंवा पेंढा, आणि पायांना जाड पट्ट्या, पट्टी गाठीवर आवळून नाही.

पायरी नववी: घरी आणल्यावर

पहिले तीन आठवडे बाकी घोड्यांपासून वेगळा ठेवा, वेगळी बादली, वेगळा खरारा. पहिल्या आठवड्यात स्वारी नको, हाताने चालवा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी खोट असलेल्या पायाचे चार बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. नळीचा घेर गाठीच्या जागी शिंप्याच्या टेपने मोजा आणि दुसऱ्या पायाचा त्याच उंचीवर मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, दर महिन्याला पुन्हा मोजा. जुनी गाठ वाढत नाही. वाढली तर काहीतरी नवं घडलं आहे.

दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. त्याला गाठ दाखवा आणि पाय एकमेकांना लागतात का, ते चालवून बघायला सांगा. नळीवरची गाठ दुसऱ्या खुराच्या आपटण्याने आली असेल, तर खूर नीट तासून किंवा नाल बदलून ते बरंचसं थांबवता येतं. तोपर्यंत कामाच्या वेळी नळीला संरक्षक पट्टा बांधा. डांबरी रस्त्यावर दुडकी नको, चालत न्या. काम आठवड्याला थोडंथोडं वाढवा. सोमवार ते शनिवार बांधून ठेवून रविवारी तीन तास पळवणं हे चांगल्या पायांनाही मारक.

रपेटीनंतर रोज दोन्ही पायांवरून हात फिरवा, आधी चांगल्या पायावरून, मग दुसऱ्यावरून. उष्णता लागली तर स्वारी बंद, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं गार पाण्याची धार, आणि दुसऱ्या दिवशी फरक नसेल तर डॉक्टर. वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका. दुखणं थांबलं की घोडा त्या पायावर पूर्ण वजन टाकतो आणि फाटलेलं आणखी फाटतं.